परमची चिप कोणाची? ‘परम 8000’ ते ‘ओम’

देवगाव फाट्यावर सर्व्हरच्या प्रोसेसरवर व्याख्यान, हे वाचून काहींना नवल वाटले असेल. म्हणून आधी या विषयाचा आपल्याशी संबंध काय ते सांगतो. आपल्या सेलू-जिंतूर भागात खरिपाचा सगळा हिशोब पावसावर. मृगात पेरायचे की आठ दिवस थांबायचे, हा निर्णय चुकला की दुबार पेरणी आली. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित सल्ला निघतो. त्या सल्ल्यामागे हवामान खात्याचा अंदाज असतो, आणि त्या अंदाजामागे एक महासंगणक रात्रंदिवस आकडेमोड करत असतो. आता गंमत बघा, भारतात महासंगणकाची गोष्ट सुरू झाली तीच मुळी पावसापासून.

1987 साली देशात मोठा दुष्काळ पडला. मान्सूनचा अंदाज काही दिवस आधी आकडेमोडीने काढायचा, तर त्या काळात अमेरिकेच्या क्रे कंपनीच्या यंत्राला पर्याय नव्हता. भारताने मागणी केली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवे होते ते जास्त ताकदीचे यंत्र मिळाले नाही. त्याखालचे, क्रे एक्स-एमपी 14, दिल्लीत हवामानाच्या कामासाठी मिळाले, तेही अटी घालून. हवामानाशिवाय दुसरे काही त्यावर चालवायचे नाही, आणि वापरावर देखरेख राहणार. अमेरिकेला भीती ही की, पाऊस मोजणारे यंत्र अणुबॉम्बची आणि क्षेपणास्त्राची गणितेही सोडवू शकते. ती भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. पण पैसे आपले, पाऊस आपला, आणि यंत्रावर काय चालवायचे ते दुसऱ्याने ठरवायचे, ही गोष्ट इथल्या शास्त्रज्ञांना लागली.

मार्च 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. प्रगत संगणन विकास केंद्र हे तिचे पूर्ण नाव. तिचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. हाताशी तीन वर्षे आणि चाळीस कोटींच्या आतली रक्कम. काम असे की, क्रेच्या तोडीची गणनाशक्ती देशात उभी करायची.

क्रेची वाट म्हणजे एकच प्रोसेसर अतिशय वेगवान करायचा. तो बनवायला लागणारे कारखाने आपल्याकडे नव्हते. पुण्याच्या लोकांनी दुसरी वाट धरली. साधे, बाजारात मिळणारे पुष्कळ प्रोसेसर एकमेकांना जोडायचे आणि एक काम सगळ्यांत वाटून द्यायचे. यालाच समांतर संगणन म्हणतात. हा विचार एकट्या सी-डॅकचा नव्हता. बंगळूरच्या एनएएलमध्ये ‘फ्लोसॉल्व्हर’, भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘अनुपम’, अशी कामे त्याच काळात चालली होती. 1991 मध्ये सी-डॅकचा ‘परम 8000’ तयार झाला. त्याची ताकद साधारण एक गीगाफ्लॉप, म्हणजे दशांश चिन्हाची सुमारे शंभर कोटी गणिते एका सेकंदात. परम म्हणजे श्रेष्ठ, आणि इंग्रजीत ‘पॅरलल मशीन’ या शब्दांचेही ते लघुरूप. असे एक यंत्र पुढे रशियातही गेले.

इथपर्यंतची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवी. पण आजच्या विषयाचा प्रश्न तिच्या पुढे सुरू होतो. परम 8000 मध्ये आतली चिप कोणती होती? इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची, टी800 नावाची. या जातीच्या चिपला ‘ट्रान्सप्युटर’ म्हणत. तिला चार बाजूंना चार जोडण्या असत, त्यामुळे शेजारच्या चिपशी ती थेट बोलू शके. जोडायला फार सोयीची. म्हणजे जोडणी पुण्याची, पारस नावाची आज्ञावली पुण्याची, आणि चिप ब्रिस्टलची.

मग झाले काय? 1989 मध्ये इनमॉस दुसऱ्या कंपनीकडे गेली. तिची पुढची चिप, टी9000, फार रेंगाळली आणि ट्रान्सप्युटरची वंशावळच संपली. पुण्यातल्या लोकांची त्यात काही चूक नव्हती. पण ज्या चिपभोवती त्यांनी घर बांधले होते, ती चिपच पुढे येणार नव्हती. परम 8600 मध्ये इंटेलची आय860 जोडीला घेतली. परम 9000 मध्ये सन कंपनीची स्पार्क आली. 1998 च्या परम 10000 मध्ये अल्ट्रास्पार्क, ताकद शंभर गीगाफ्लॉप. 2003 च्या परम पद्ममध्ये आयबीएमची पॉवर4, ताकद एक टेराफ्लॉप, म्हणजे हजार गीगाफ्लॉप. जगातल्या पाचशे बलाढ्य यंत्रांच्या यादीत पद्म 171 व्या जागी आला. त्यानंतर परम युवामध्ये इंटेलची झिऑन.

दर वेळी चिप बदलली, दर वेळी आज्ञावली नव्याने बसवावी लागली. हे फक्त सी-डॅकच्या बाबतीत झाले असेही नाही. 2007 मध्ये टाटांच्या पुण्यातल्या सीआरएलने ‘एका’ नावाचे यंत्र उभारले, ते जगात चौथे आले. भारतासाठी तो मोठा दिवस होता. त्यातही चिप इंटेलचीच होती.

इतकी वर्षे पुण्याच्या हातात राहिले ते जोडण्याचे ज्ञान, आणि ते कमी किमतीचे नाही. परंतु यंत्राच्या सगळ्यात आतला भाग बाहेरून खोक्यात येत राहिला. तो कधी बदलायचा, कधी बंद करायचा आणि आपल्याला द्यायचा की नाही, हे ठरवणारे लोक दुसरीकडे बसलेले होते.

आता थोडे तांत्रिक. मुलांनी इकडे लक्ष द्यावे, परीक्षेला नाही, पण पुढे उपयोगी पडेल. प्रोसेसरमध्ये आज्ञा प्रत्यक्ष पार पाडणारा जो भाग असतो त्याला कोअर म्हणतात. पूर्वी एका चिपवर एकच कोअर असे आणि तो अधिकाधिक जोरात पळवत. 2004-05 च्या सुमारास ही वाट जवळजवळ बंद झाली, कारण वेग वाढवला की चिप इतकी तापायची की ती गार ठेवणे परवडेना. कापूस वेचणाऱ्या एका माणसाला तुम्ही किती घाई कराल? त्यापेक्षा माणसे वाढवा. म्हणून एका चिपवर दोन कोअर, चार, आठ, असे वाढत गेले. परम पद्ममधली पॉवर4 ही दोन कोअर एकाच चिपवर बसवणारी सुरुवातीची सर्व्हर चिप होती. आज सर्व्हरच्या एका चिपवर शंभराच्या आसपास कोअर असणे नवलाचे राहिलेले नाही.

म्हणजे बघा, 1988 मध्ये पुण्याने नाइलाजाने जी वाट धरली, पुष्कळ साध्या मजुरांत एक काम वाटण्याची, त्याच वाटेवर पंधरा वर्षांनी सगळे जग आले. तेही एकेका चिपच्या आत.

पण माणसे वाढवली म्हणजे काम त्याच पटीत वाढते असे नाही. समजा, सेलूच्या एखाद्या जिनिंगमध्ये सरकी काढायची 96 यंत्रे बसवली, आणि कापूस आणायला एकच बैलगाडी. यंत्रे रिकामी बसणार. चिपमध्येही तेच होते. कोअरला आकडे पुरवणारी मेमरी लांब आणि रस्ता अरुंद असेल, तर निम्मे कोअर वाट बघत राहतात. पावसाच्या गणितात हा त्रास फार, कारण तिथे प्रत्येक चौकटीचे तापमान, दाब, वारा, ओल असे असंख्य आकडे सतत आणावे लागतात. यावर उपाय म्हणजे मेमरीच्या चकत्या एकावर एक रचून त्या प्रोसेसरच्या अगदी शेजारी, एकाच पाटावर बसवायच्या. या जातीच्या मेमरीला एचबीएम म्हणतात. कापसाची गंजी यंत्राच्या दारातच लावल्यासारखे.

आता आपण ‘ओम’पाशी आलो. इंग्रजी अक्षरे ए, यू, एम. 2015 मध्ये सरकारने राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर केले, रक्कम साडेचार हजार कोटी. सी-डॅक आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांच्याकडे ते सोपवले. त्यात टप्प्याटप्प्याने आत शिरायचे ठरले. सुरुवातीला बाहेरचे भाग आणून इथे जुळणी. मग सर्व्हरची पाटी स्वतः आखायची, तिचे नाव ‘रुद्र’. यंत्रे एकमेकांना जोडणारे जाळे स्वतः करायचे, त्याचे नाव ‘त्रिनेत्र’. 26 सप्टेंबर 2024 रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथल्या परम रुद्र यंत्रांचे लोकार्पण झाले. पुण्याचे यंत्र खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. पाटी आपली झाली, पण पाटीवरची चिप इंटेलचीच. उरलेला सगळ्यात आतला टप्पा म्हणजे ‘ओम’.

त्याचा जाहीर झालेला आराखडा असा. एकूण 96 कोअर. ते एका अखंड चिपवर नसून प्रत्येकी 48 कोअरच्या दोन तुकड्यांवर. असे तुकडे का? कारण चिप जितकी मोठी, तितकी तिच्यावर कुठेतरी डाग येण्याची शक्यता जास्त, आणि मोठी चिप वाया गेली की नुकसानही मोठे. लहान तुकडे करून चांगले तेवढे जोडणे परवडते. शेजारी एचबीएम3 जातीची मेमरी, शिवाय नेहमीची डीडीआर5 मेमरी. वेग तीन गीगाहर्ट्झच्या पुढे. एका चिपची ताकद साडेचार टेराफ्लॉपच्या वर धरली आहे. तुलना करून बघा. 2003 चा अख्खा परम पद्म एक टेराफ्लॉपचा होता. 1991 चे परम 8000 जोडायचे झाले तर साडेचार हजार जोडावे लागतील. तेवढी ताकद तळहातावर मावणाऱ्या एका वस्तूत.

फेब्रुवारी 2024 मध्ये सी-डॅकने या चिपच्या आखणीसाठी हैदराबादची मॉसचिप आणि जपानची सोशिओनेक्स्ट या कंपन्यांना बरोबर घेतल्याचे जाहीर झाले.

आता खरा प्रश्न. ही चिप स्वदेशी म्हणायची का? बातम्यांत तसे म्हणतात. इथे आपण घाई न करता एकेक थर सोलून बघू. कोअरचा आराखडा आर्म या कंपनीचा, निओव्हर्स व्ही1 नावाचा. आर्म इंग्लंडमधल्या केंब्रिजची. चिप छापली जाणार तैवानच्या टीएसएमसीत, पाच नॅनोमीटर म्हणवल्या जाणाऱ्या पद्धतीने. पाच नॅनोमीटर हे एका पिढीचे नाव समजा, तारेची जाडी समजू नका. एचबीएम मेमरी जगात मोजक्या कंपन्या बनवतात, त्यांतल्या दोन मोठ्या दक्षिण कोरियाच्या. आपल्याकडे राहते ते काय? कोणते कोअर किती घ्यायचे, ते आपसांत कसे जोडायचे, मेमरीला रस्ते किती रुंद ठेवायचे, कुलूपकिल्ली कुठे असेल, हा सगळा आराखडा. आणि त्यावर चालणारी आज्ञावली.

मग यात आणि 1991 मध्ये फरक काय? तेव्हा ब्रिस्टल, आता केंब्रिज. कोणी म्हणेल, फिरून तिथेच आलो. मला तसे वाटत नाही. तेव्हा आपण तयार वस्तू विकत घेत होतो. दुकान बंद झाले की विषय संपला. आता आराखडा वापरण्याचा परवाना घेतो आहोत आणि त्यावरून स्वतःची वस्तू आखतो आहोत. घरमालकाने ठरवले तर भाडेकरूला उद्या बाहेर काढता येते, पण नकाशा विकत घेऊन बांधलेले घर तसे काढून घेता येत नाही. मात्र गवंडी तैवानचा आहे आणि दुसरा गवंडी त्या दर्जाचा आज आपल्याजवळ नाही, हेही तितकेच खरे.

गवंडी का नाही, याचाही इतिहास आहे. मोहालीत सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स हा सरकारी कारखाना 1984 मध्ये चिप बनवू लागला होता. तेव्हा आपण जगाच्या फार मागे नव्हतो. फेब्रुवारी 1989 मध्ये तिथे मोठी आग लागली. कारखाना पुन्हा उभा राहायला वर्षे गेली आणि तोवर जग पुढे निघून गेले. आज तिथे 180 नॅनोमीटरच्या चिप होतात. उपग्रहांना त्या उपयोगी पडतात, महासंगणकाला नाहीत. गुजरातमध्ये धोलेरा इथे टाटांचा कारखाना होतो आहे, त्याचीही सुरुवात 28 नॅनोमीटर आणि त्याहून जाड पद्धतीपासून आहे.

दुसरी अडचण उशिराची. सुरुवातीला बोलले जात होते की 2024 च्या आसपास चिप हातात येईल. ती मुदत गेली. व्ही1 हा कोअर आर्मने 2020 मध्ये जाहीर केला. ॲमेझॉनने त्यावरच 64 कोअरची ग्रॅव्हिटन3 चिप 2021 च्या अखेरीस जाहीर केली. पुढचा व्ही2 कोअर एनव्हिडियाच्या ग्रेस चिपमध्ये आला. चिपच्या धंद्यात चार वर्षे म्हणजे एक पिढी. युरोपचीही हीच अवस्था आहे. तिथे सायपर्ल कंपनीची ‘रिया’ चिप, तोच व्ही1 कोअर, संख्या 80, आणि तीही ठरल्यापेक्षा पुष्कळ उशिरा. पहिल्यांदा एवढी मोठी चिप आखणाऱ्याला वेळ लागतो, मग तो पुण्याचा असो की पॅरिसचा.

तरी करायचे कशासाठी? कारण नाकारण्याचे दिवस संपलेले नाहीत. एप्रिल 2015 मध्ये अमेरिकेने चीनच्या महासंगणक केंद्रांना इंटेलची चिप विकायला बंदी केली. जून 2016 मध्ये चीनचे सनवे ताइहूलाइट यंत्र जगात पहिले आले, 260 कोअरची स्वतःची चिप घेऊन. हे एका वर्षात झाले नाही. आधीची कित्येक वर्षे ते काम तिथे चालू होते, म्हणून बंदीच्या दिवशी हातात काहीतरी होते. आपल्याविषयी म्हणाल, तर जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपबाबत नियम काढला. 18 देशांना सूट दिली, त्यात भारत नव्हता. मे महिन्यात तो नियम मागे घेतला. ज्याने मागे घेतला तो पुन्हा काढूही शकतो.

आणि पाऊस? 1989 मध्ये दिल्लीत क्रे बसले. 2018 मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘प्रत्युष’ आला, तोही क्रेचा. 2024 मध्ये त्याच संस्थेत ‘अर्क’ आला, तो फ्रान्सच्या एव्हिडेन कंपनीने पुरवला. 26 मे 2025 रोजी सुरू झालेली भारत फोरकास्ट प्रणाली त्यावर चालते. आधी 12 किलोमीटरच्या चौकटीचा अंदाज निघायचा, आता 6 किलोमीटरच्या. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, आणि वेळेचे टप्पेही लहान घ्यावे लागतात, म्हणून आकडेमोड साधारण आठपट. सेलूचा पाऊस आणि जिंतूरचा पाऊस वेगळा सांगायचा तर चौकट आणखी लहान हवी, यंत्र आणखी मोठे हवे. ही गरज दर काही वर्षांनी येत राहणार. दर वेळी खरेदीच करणार का, एवढाच प्रश्न आहे.

व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, उशिरा आलेली, मागच्या पिढीची चिप घेऊन उपयोग काय? पैसे वायाच ना?

उत्तर : प्रश्न रास्त आहे. नुसती चिप मोजली तर बाजारात त्याहून चांगली मिळेल. परंतु परम 8000 सुद्धा जगातले सगळ्यात वेगवान यंत्र नव्हते. ते काम करताना जी माणसे तयार झाली, त्यांनी पुढची यंत्रे उभी केली. ‘ओम’ आखणाऱ्यांना दुसरी चिप आखायला मिळाली तर पहिलीचा खर्च वसूल होईल. पहिली करून थांबलो तर तुम्ही म्हणता तसे होईल. म्हणून मी तरी ‘ओम’ कधी येतो यापेक्षा त्याच्या पुढच्या चिपचे काम सुरू होते का, तिकडे लक्ष ठेवीन.

प्रश्न : आर्मला पैसे देण्यापेक्षा फुकट मिळणारी पद्धत नाही का?

उत्तर : आहे. रिस्क-फाइव्ह म्हणतात तिला. तिचे मूळ नियम खुले आहेत, परवाना लागत नाही. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकच्याच तिरुवनंतपुरम केंद्राचा ‘वेगा’ हे प्रोसेसर त्यावर बेतलेले आहेत. ते लहान कामांचे आहेत, उपकरणांत बसणारे. महासंगणकाला लागतो तेवढा दमदार कोअर आणि त्यावर चालणारी सगळी तयार आज्ञावली आर्मकडे होती, म्हणून ‘ओम’साठी ती वाट घेतली गेली असे मी समजतो. दोन्ही वाटा चालू ठेवणे शहाणपणाचे.

प्रश्न : आमच्या मुलांना यात जाता येईल का? इथून?

उत्तर : का नाही? चिप आखायचे काम संगणकावर होते, त्याला कारखाना लागत नाही. लागते ते गणित, इलेक्ट्रॉनिक्स आणि चिकाटी. चूक शोधत महिनोन्महिने बसावे लागते, कारण चिप छापायला गेली की खोडरबर चालत नाही. आणि हा सगळा व्याप ज्यांनी सुरू केला तेही मुरंब्यासारख्या गावातूनच पुण्याला गेले होते.